गाडी ऑइल पिते म्हणता, मग काडी कधी पाहिली?

पत्र:

काका, नमस्कार. आमचं गाव दिग्रस तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून चार किलोमीटर आत. आमचे हे पुण्यात कंपनीत आहेत. घरी सासू-सासरे, मी आणि दोन लेकरं. सासऱ्यांची २००३ सालची हिरो होंडा स्प्लेंडर आता मीच चालवते. सकाळी दूध डेअरीवर, मग पांदण रस्त्यानं वावरात, आठवड्यातून एकदा दिग्रसला. ऑइल बदलायला गेलं की अर्धा दिवस गॅरेजवर बसावं लागतं आणि वावरातलं काम पडून राहतं. म्हणून हे काम घरीच शिकायचं म्हणते. सासरे म्हणतात, "यंत्राले हात नोको लावू, मिस्त्रीचं काम मिस्त्रीच करन." मिस्त्री म्हणतो, गाडी ऑइल पिते, जाड ऑइल टाका. घरी ट्रॅक्टरच्या ऑइलची बादली आहे, ते चालेल का? दुकानात ऑइल फिल्टर मागितला तर दुकानदार म्हणाला, या गाडीला फिल्टरच नसतो. आणि सासूबाई म्हणतात, "जळकं ऑइल फेकजो नोको, बैलाच्या गोचिडाले लावू." खरं काय ते सांगा.

उत्तर:

ताई, नमस्कार.

काम तुम्ही घरी करू शकता. मी २४ वर्षं आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवलं. ऑइल बदलणं हे पहिल्या महिन्यात शिकवायचं काम आहे. पण तुमच्या पत्रात बदलण्याबद्दल सगळं आहे, मोजण्याबद्दल एक शब्द नाही. ऑइल पिणाऱ्या गाडीत मोजणं आधी येतं, म्हणून बाकीच्या प्रश्नांकडे नंतर वळतो.

स्प्लेंडरच्या पोटात एक लिटरच्या आतबाहेर ऑइल मावतं. तेवढ्याच ऑइलवर पिस्टन, हेडमधला (इंजिनाच्या माथ्यातला) व्हॉल्व्ह उघडणारा कॅम, क्लचप्लेटा आणि गिअर, सगळ्यांचं भागतं. क्लचचं वेगळं नाही, गिअरचं वेगळं नाही. इंजिनाला पाणी नाही, रेडिएटर नाही, त्यामुळे आतली उष्णता बाहेर आणण्याचं बरंच काम हेच ऑइल करतं. आणि ते कमी झालं हे सांगणारा दिवा या गाडीत कुठेही नाही. पेट्रोल संपत आलं तर गाडी आचके देते, रिझर्व्हवर घेता येते. ऑइल संपताना ती काहीच सांगत नाही.

आता हिशेब पाहा. समजा तुमची गाडी हजार किलोमीटरला २०० मिली ऑइल जाळते. जुन्या, पिस्टनवरच्या रिंगा झिजलेल्या इंजिनात एवढं सहज जातं. ९०० मिलीची एक बाटली टाकली आणि तीन हजार किलोमीटरनं बदलायला गेलात, तर तोवर ६०० मिली धुरात गेलेलं असतं. उरलेल्या ३०० मिलीवर शेवटचे कित्येक दिवस इंजिन चाललं. चढावर, वळणावर पंपाच्या तोंडाशी ऑइलऐवजी हवा येते आणि सगळ्यात वर बसलेलं हेड आधी उपाशी राहतं. म्हणजे तुम्ही ऑइल "वेळेवर" बदललं आणि तरीही इंजिन खराब झालं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९६ साली माझ्याकडे अशीच १०० सीसीची गाडी होती. ऑइल मी तारखेवर बदलायचो, वहीत लिहून ठेवायचो आणि त्याचा मला फार अभिमान होता. वैशाखात यवतमाळहून वणीला निघालो. मारेगावच्या अलीकडे हेडमधून टकटक ऐकू आली. ऊन आहे, गाडी तापली असेल, म्हणून तसाच रेटत गेलो. पाच-सात किलोमीटरनं इंजिन जाम झालं. ऑइल सोडायचा खालचा बोल्ट काढला तर चहाच्या कपभर काळं पाणी निघालं. बदलायची तारीख अजून महिनाभर पुढे होती. आधीच्या दोन महिन्यांत मी एकदाही डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, काढून पाहिली नव्हती. पुढे वर्गात दरवर्षी पहिल्या दिवशी मी पोरांच्या हातात पाना देत नसे, डिपस्टिक देत असे.

तर ताई, दर रविवारी, किंवा तुमच्याकडे बाजाराचा जो दिवस असेल त्या दिवशी, एवढं करजा. गाडी डबल स्टँडवर, सपाट फरशीवर लावा. सारवलेल्या अंगणात स्टँड एका बाजूनं रुततो आणि माप चुकतं. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा आणि तितकाच वेळ थांबा, म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली उतरतं. इंजिनाच्या उजव्या बाजूला ऑइल भरायचं टोपण आहे, त्यालाच काडी असते. काडी स्वच्छ फडक्यानं पुसा, परत भोकात सोडा, पण टोपण फिरवून बसवू नका. आट्यांवर नुसतं टेकवा आणि काढून पाहा. टोपण आवळून मोजलं की काडी जास्त खोल बुडते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. ही चूक मी चांगल्या चांगल्या मिस्त्रींना करताना पाहिली आहे. काडीवर दोन खुणा आहेत. ऑइल वरच्या खुणेशी असावं. खालच्या खुणेशी आलं की त्याच दिवशी भर टाकायची, उद्यावर ठेवायची नाही.

भर टाकताना माप लिहून ठेवा. लेकरांच्या औषधाच्या बाटलीवर जो छोटा कप येतो, तो चालतो. तुमच्या गाडीचा किलोमीटरचा काटा बंद असेल तर घाबरू नका, या वयाच्या बऱ्याच गाड्यांचा तो बंदच असतो. मग पेट्रोलचे लिटर मोजा. दहा लिटर पेट्रोलमागे किती मिली ऑइल घालावं लागलं, एवढं कळलं तरी मला पुरे.

ऑइल पिते म्हणजे नेमकं कुठून जातं, हेही बघायला हवं. प्रत्येक वेळी ते जळतंच असं नाही. एखाद्या सकाळी इंजिनाचा खालचा भाग रॉकेलच्या फडक्यानं पुसून कोरडा करा, त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरा आणि वावरात जाऊन या. जिथून गळतं तिथं पावडर ओली होऊन काळी रेघ दिसेल. डाव्या बाजूला पुढच्या चक्रीमागचं सील, गिअरच्या दांड्याचं सील, उजवीकडे किकच्या दांड्याचं सील आणि खालचा बोल्ट, या चार जागा आधी पाहा. सील ही स्वस्त वस्तू आहे. गळती कुठेच नसेल तर सायलेन्सरकडे पाहा. सकाळी पहिल्या किकला निळा धूर येऊन नंतर थांबत असेल तर व्हॉल्व्हची सीलं गेली आहेत. चढावर ॲक्सिलेटर पिळला की मागे निळा पट्टा सुटत असेल तर रिंगा. हिवाळ्यात सकाळी पांढरी वाफ येते, ती पाण्याची आहे, तिची काळजी नको.

आता बदलण्याचं. सासरेबुवांना ओट्यावर जवळ बसवा. यंत्राला हात लावू नको म्हणतात ते खोट्या भीतीनं म्हणत नाहीत. हे इंजिन ॲल्युमिनियमचं आहे आणि खालचा बोल्ट पोलादाचा. जास्त जोर लावला तर बोल्टाचं काही बिघडत नाही, इंजिनाचे आटे निघतात. मग ऑइल गळत राहतं आणि पाचशेच्या कामाचे हजार होतात. त्यांनी कुणाची तरी गाडी अशी झालेली पाहिली असणार. म्हणून पान्याचं काम तुम्ही करा आणि आवाज ऐकायचं काम त्यांना द्या. वीस वर्षं त्या इंजिनावर बसलेला माणूस आहे. आवाज बदलला तर तुमच्या-माझ्या आधी त्यांना कळेल.

सतराचा रिंगपाना घ्या. उघडा पाना नको, तो बोल्टाची टोकं खातो. पान्यावर पाइप चढवून लांब करू नका. इंजिन पाच-सात मिनिटं चालवून कोमट करा म्हणजे ऑइल पातळ होऊन गाळासकट खाली येतं. वावरातून आल्याआल्या करू नका, सायलेन्सरनं हात भाजतो. खाली जुनी परात ठेवा. गाडीखाली पडून वर पाहताना डावं-उजवं उलटं वाटतं, त्यामुळे बोल्ट सुटतोय की आवळतोय हे आधी पाना न लावता, बोटानं हवेत फिरवून ठरवा. सुटला की शेवटचे आटे बोटांनी काढा. ऑइल पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या. मग इंजिन बंद ठेवूनच, चावी न लावता, दोन-तीन किक हळू मारा, अडकलेलं आणखी थोडं बाहेर येईल.

निघालेलं ऑइल ओतून टाकण्याआधी उन्हात धरून पाहा. काळं असणं ठीक आहे, काळं होणं हेच त्याचं काम. बोटांमध्ये चोळल्यावर चमचम करणारी बारीक धूळ जुन्या गाडीत थोडी असते. पण नखावर उचलता येईल असा धातूचा तुकडा किंवा पत्री दिसली तर गाडी चालवू नका, मिस्त्रीला दाखवा. आणि ऑइल ताकासारखं दुधाळ असेल तर आत पाणी गेलं आहे. पावसाळ्यात भरल्या नाल्यातून गाडी काढली की असं होतं. तुमच्याकडे अरुणावतीच्या काठचे नाले किती झटकन चढतात ते मी पाहिलं आहे. तसं झालं तर किलोमीटर न मोजता ऑइल लगेच बदला, आणि शंभरेक किलोमीटरनं पुन्हा एकदा बदला.

बोल्टाचा वायसर ॲल्युमिनियमचा असतो. तो चेपून बसतो म्हणून गळत नाही, आणि एकदा चेपला की दुसऱ्यांदा तसा बसत नाही. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, दोन-चार आणून ठेवा. बोल्ट पूर्ण बोटांनीच फिरवून बसवा. मध्येच अडला तर जोर न लावता उलटा फिरवून परत सुरू करा. बोटांनी फिरेनासा झाला की पाना लावा, वायसर चेपल्याचा मऊ दाब जाणवतो, त्यानंतर अगदी थोडं आणि थांबा. हाताला हे पहिल्या वेळी कळत नाही, दुसऱ्या वेळी कळतं. पहिल्या वेळी कमी आवळलेलं परवडतं. गाडी उभी ठेवून तासाभरानं खाली थेंब दिसला तर आणखी जरासं आवळता येतं. निघालेले आटे परत येत नाहीत.

मग ऑइल. बाटली ९०० मिलीची आहे म्हणून सगळी ओतू नका. आत थोडं जुनं ऑइल नेहमी राहतं. ७०० मिली ओतून काडी पाहा आणि मग थोडं थोडं करत वरच्या खुणेपर्यंत या. जास्त भरलं तर फायदा नाही. फेस होतो, वाफेच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये जातं आणि सीलांवर दाब येतो. भरून झाल्यावर चावी न लावता आठ-दहा किक मारा, मग सुरू करा, दोन मिनिटं ॲक्सिलेटर न देता चालू द्या, बंद करा आणि पुन्हा मोजा. पातळी थोडी उतरलेली असेल, ती भरून काढा.

कोणतं ऑइल? बाटलीवर १०डब्ल्यू-३० (हा जाडीचा आकडा) आणि जासो एमए किंवा एमए२ (ही ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीची खूण) लिहिलेलं, चारचाकीचं नाही तर मोटारसायकलचं. जासो एमबी लिहिलेलं ऑइल बिनगिअरच्या स्कूटरसाठी असतं, ते नको. तुमचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला आहे. चुकीचं, फार निसरडं ऑइल पडलं की क्लचप्लेटा सरकतात, इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही. ट्रॅक्टरच्या बादलीचं उत्तर यातच आलं. शिवाय ट्रॅक्टरवाल्या घरात दोन बादल्या असतात, एक इंजिनाची आणि एक गिअर-हायड्रॉलिकची, आणि दोन्हींवरचे कागद सहा महिन्यांत वाचता येत नाहीत. हायड्रॉलिकचं ऑइल चुकून मोटारसायकलच्या इंजिनात गेलं तर काय होतं ते मी एका विद्यार्थ्याच्या गाडीत पाहिलं आहे. त्या बादलीला हात लावू नका.

जाड ऑइलनं धूर थोडा कमी दिसतो हे खरं आहे, मिस्त्री खोटं बोलत नाही. पण झिजलेली रिंग त्यानं भरून येत नाही. उलट पौष महिन्यातल्या सकाळी, थंडीनं हात गारठतात तेव्हा, जाड ऑइल हेडपर्यंत पोचायला उशीर करतं आणि इंजिनाची बरीच झीज त्याच सुरुवातीच्या वेळात होते. तुमच्या जागी मी १०डब्ल्यू-३० टाकेन आणि दर आठवड्याला भर घालेन. इंजिन उघडायची वेळ आली की उघडेन. आणि कुणी म्हणेल की नवीन ऑइल टाकण्याआधी डिझेल किंवा रॉकेल टाकून इंजिन धुऊन घ्या, तर नाही म्हणा. रॉकेलवर इंजिन फिरलं की वंगण उरत नाही, वीस वर्षांचा गाळ एकदम सुटून जाळीत अडकतो आणि तळाशी राहिलेलं रॉकेल नव्या ऑइलला पातळ करतं.

किती दिवसांनी बदलायचं, हे तुमच्या रस्त्यावर ठरतं. पुस्तिकेतलं अंतर डांबरी रस्ता धरून लिहिलेलं असतं. पांदण रस्त्यानं, मागे चाऱ्याचा भारा किंवा कापसाचं गाठोडं घेऊन, दुसऱ्या गिअरमध्ये चाललेली गाडी एका किलोमीटरला डांबरीपेक्षा कितीतरी जास्त फेरे घेते. माझ्या मते तुम्ही दोन हजार किलोमीटरला बदला. काटा बंद असेल तर हंगामावर बसवा. एकदा मृगाच्या आधी, एकदा पोळ्याला, एकदा सीतादहीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते तेव्हा आणि एकदा होळीला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतो, त्याच दिवशी सकाळी गाडीचं उरकून घ्या, घरातली सगळी माणसं हाताशी असतात. त्याच वेळी एअर फिल्टरही काढून पाहा. फिल्टर फाटका असेल तर आत जाणारी वावरातली धूळच रिंगा खाते आणि मग ऑइल पिण्याचं दुखणं तिथूनच सुरू होतं.

दुकानदाराचं फिल्टरबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. कागदाचा, बदलायचा ऑइल फिल्टर तुमच्या गाडीत नाही. पण दोन वस्तू आहेत आणि दोन्ही उजव्या बाजूच्या कव्हरच्या आत आहेत. एक तळाची जाळी. पंपात जाणारं ऑइल तिच्यातून गाळून जातं. दुसरा क्रँकच्या (पिस्टननं फिरणाऱ्या दांड्याच्या) टोकावर बसलेला, गोल डबीसारखा फिरता फिल्टर. डेअरीत दुधातून मलई काढायचं यंत्र फिरताना पाहिलं असेल, तसंच हे आहे. ऑइल त्या डबीत जोरात फिरतं, जड कचरा बाहेरच्या भिंतीला जाऊन चिकटतो आणि स्वच्छ ऑइल मधून पुढे जातं. हा कचरा काळ्या मेणासारखा घट्ट बसतो. ऑइल कितीही वेळा बदललं तरी तो निघत नाही, डबी उघडून खरवडावाच लागतो. साधारण १२,००० किलोमीटरला हे करायचं असतं. २००३ पासून तुमच्या गाडीचं एकदा तरी झालं का, हे सासऱ्यांना विचारा. नक्की आठवत नसेल तर झालेलं नाही असं समजा.

हे काम मात्र पहिल्यांदा घरी करू नका. त्यासाठी किक काढावी लागते, क्लचची केबल सोडावी लागते, कव्हरचं गॅस्केट (सांध्यात बसणारी पातळ पट्टी) नवीन लागतं आणि डबीचे स्क्रू इतके घट्ट बसलेले असतात की साध्या पेचकसानं त्यांची डोकी गोल होतात. यासाठी खुशाल अर्धा दिवस गॅरेजवर घालवा, पण बाकड्यावर बसून नाही. मिस्त्रीजवळ उभं राहून डबी उघडलेली स्वतः पाहा, आतला गाळ बोटाला लावून पाहा, जाळी पेट्रोलनं धुतली की नाही ते पाहा. जुनं गॅस्केट परत बसवू देऊ नका.

शेवटी सासूबाईंचा प्रश्न. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की जळकं ऑइल बैलाला लावायचं नाही, एक बोटभरही नाही. आमच्या घरीही माझी आजी लावायची, त्यामुळे त्या का म्हणतात ते मला कळतं. गोचीड त्यानं गुदमरून पडतात. पण नव्या ऑइलमध्ये आणि जळक्यात फार फरक आहे. जळक्यात धातूचे कण असतात आणि जळण्यातून तयार झालेली, कॅन्सर करू शकणारी द्रव्यं असतात. बैल ते चाटतो. कातडी सोलते, केस जातात. गोचिडाचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या. तुम्हीही काम करताना हातावर प्लास्टिकची पिशवी चढवा आणि नंतर साबणानं हात धुवा. फाटकाच्या बिजागरीला चार थेंब लावले तर हरकत नाही. बाकीचं ऑइल रिकाम्या बाटलीत भरून झाकण लावा, लेकरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि दिग्रसला जाल तेव्हा गॅरेजच्या ड्रममध्ये टाका. ते ड्रम बरेचदा पुढे शुद्धीकरणासाठी विकले जातात. धुऱ्यावर, उकिरड्यावर किंवा नाल्यात ओतू नका. तुमची विहीर त्याच जमिनीत आहे.

आता या रविवारी पहिलं माप घ्या आणि वहीत लिहा. चार रविवारचे आकडे, धूर कधी दिसतो ते, आणि पावडर कुठे ओली झाली ते मला कळवा. त्यावरून सीलांवर भागेल की रिंग-पिस्टनपर्यंत जावं लागेल, ते सांगतो. तोवर मिस्त्रीनं बोअर करायचं, म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा करायचं, म्हटलं तरी हो म्हणू नका.